ताळेबंद गाणारा अध्यक्ष

नाझ्झारेनो बाल्दोनीला अध्यक्ष केलं ते त्याच्या आवाजामुळे. दुसरं काही कारण नव्हतं, आणि ते कुणी लपवूनही ठेवलं नाही.

अंकोनाच्या मागच्या टेकड्यांवर, आमच्या मोंतेरूबियोत, अर्ध्या गावाचं पोट अकॉर्डियनवर, म्हणजे गळ्यात घालून वाजवायच्या पेटीवर, चालायचं. कुणी लाकूड कापायचं, कुणी सुरांच्या पोलादी पट्ट्या घासायचं, कुणी बटणं बसवायचं. मी सूर चिकटवणाऱ्या बायकांच्या बाकावर होते. नाझ्झारेनो भाते करायचा. पुठ्ठ्याच्या घड्या घालायच्या, कोपऱ्यांना कोकराचं मऊ कातडं लावायचं, वरून कापड, कडांना पत्रा. ताणला की हवा कुठून निसटता कामा नये. त्याचे भाते चांगले असायचे, पण तसे भाते करणारे आणखी तिघं होते. आवाज मात्र त्याचा एकट्याचा. खर्जातला, भरदार, पोटातून येणारा. गावात कुणाचं लग्न असो की मयत, चार शब्द बोलायला नाझ्झारेनोच उभा राहायचा, आणि ते चार शब्द अर्धा तास चालायचे.

दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षांनी आमचा जुना मालक कारखाना मोडून मिलानला निघून गेला. आम्ही चाळीसेक जणांनी बाकं, यंत्रं आणि उरलेलं लाकूड हप्त्यांवर घेतलं आणि सहकारी संस्था काढली. नाव ठेवलं ‘एकजूट’, आणि ते नाव ठेवताना एवढं भांडलो की दोन सख्खे साडू वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते.

आता संस्था म्हटली की ताळेबंद आला. दर वसंतात सगळ्या सभासदांना एकत्र बसवून तो वाचून दाखवायचा, मग सगळ्यांनी हात वर करून मंजूर करायचा, असा कायदा. ते काम करायला आम्ही ओसिमोचा हिशेबनीस धरला, क्विंतो कार्लोनी. कार्लोनी स्कूटरवरून यायचा, पँटला सायकलवाल्यांसारखे चिमटे लावून. माणूस चोख, पण आवाज डासासारखा. पहिल्या सभेत तो वाचायला लागला तर दुसऱ्या बाकालाही काही ऐकू जाईना. मागून कुणीतरी ओरडलं, “मोठ्यानं!” तसा तो आणखी बारीक झाला. शेवटी नाझ्झारेनो उठला, त्याच्या हातातून कागद घेतला, म्हणाला, “द्या इकडे, माणसं झोपतायत,” आणि वाचायला लागला.

काय वाचलं म्हणून सांगू! “यंत्रसामग्री,” तो म्हणायचा, आणि थांबायचा. यंत्रं जणू दारातून आत येतायत. “लाकूड, कातडं आणि सेल्युलॉइड...” इथे आवाज खाली. “तयार माल!” इथे वर. ही झाली डावी बाजू: संस्थेकडे काय काय आहे ते. मग तो वाइनचा एक घोट घ्यायचा आणि उजव्या बाजूला लागायचा: हे सगळं कुणाच्या पैशातून आलं. बँकेचं देणं, लाकूडवाल्याचं देणं, सभासदांचं भांडवल. एकेक आकडा असा उच्चारायचा की लाकूडवाल्याचं देणं ऐकून बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. आणि शेवटी बेरीज. डावीकडची जेवढी, तंतोतंत तेवढीच उजवीकडची.

“घ्या!” सुतारकामातला स्पार्ताको खुर्चीवर उभा राहून ओरडला. “एका लिराचाही फरक नाही!”

टाळ्या थांबेनात. चाळीस अडाणी माणसांनी वर्षभर कातडं कापलं, लाकूड तासलं, आणि हिशेब एका लिराचाही इकडेतिकडे नाही! जुन्या मालकाला हे कधी जमलं होतं का? त्याच आठवड्यात नाझ्झारेनो अध्यक्ष झाला.

दोन्ही बाजू जुळणं ही त्याला मनापासून स्वतःची कमाई वाटायची. वर्ष वाईट गेलं तर त्या जुळणार नाहीत, आपण नीट कारभार करतोय म्हणून जुळतायत, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आमच्याही. दर वसंतात तो नवा सदरा घालून उभा राहायचा आणि बेरजेच्या आधी तो असा थांबायचा की आमचे श्वास अडकायचे. जुळलं की हुश्श.

बायको आर्जिया घरी म्हणायची, “नाझ्झारे, अध्यक्ष तू आहेस की त्या कागदाचा भोंगा?”

“तुला नाही कळायचं,” तो म्हणायचा. “आकड्यांना मान द्यावा लागतो.”

सुरुवातीची वर्षं खरोखरच भरभराटीची होती. अमेरिकेतून मागण्या यायच्या, आम्ही रविवारीही काम करायचो. मग अमेरिकेतल्या पोरांना गिटारचं वेड लागलं. आम्हाला ते कळलं ते मागण्यांच्या कागदांवरून. आधी शेकड्याने यायच्या, मग डझनांनी, मग एक व्यापारी फक्त नाताळचं शुभेच्छापत्र पाठवायला लागला.

सभा बोलावली. कुणी म्हणालं, माणसं कमी करू. नाझ्झारेनो उभा राहिला. “या खोलीतल्या एकाही माणसाला मी घरी पाठवणार नाही! फॅशन आहे ती. येते, जाते. आज आपण पेट्या करून ठेवू, उद्या तेच लोक रांग लावतील.” टाळ्या. सगळ्यांना बरं वाटलं, मलाही. आम्ही पेट्या करत राहिलो. ठेवायला जागा पुरेना म्हणून गावाबाहेरची बंद पडलेली रेशमाची गिरणी भाड्याने घेतली, आणि जिथे आमच्या आज्या कोष उकळायच्या तिथे मोत्याच्या रंगाच्या पेट्या छतापर्यंत रचल्या.

आणि मग एक नवल घडलं. विक्री घटली आणि ताळेबंद वाढला. तयार माल, पेटीमागे चाळीस हजार लिरा, कारण बनवायला तेवढेच लागायचे. जेवढ्या पेट्या विकल्या जात नव्हत्या तेवढ्या डाव्या बाजूला जमा होत होत्या. सालोसाल बेरीज फुगत गेली. ज्या वर्षी आम्ही सगळ्यात कमी पेट्या विकल्या त्या वर्षी नाझ्झारेनोने सहा कोटी बारा लाखांचा आकडा गाऊन दाखवला, दोन्ही बाजूंना, आणि पाद्रीबाबांनी संस्थेच्या समृद्धीबद्दल देवाचे आभार मानले. बँकेचा माणूस आला होता, त्यानेही बेरीज बघून मान डोलावली आणि कर्ज वाढवून दिलं. त्या कर्जातून आमचे पगार झाले. नफा वाटायला रोख नव्हती, म्हणून प्रत्येक सभासदाला नफ्याच्या पोटी पेट्या दिल्या. आमच्या घरात दोन वाजवणारे नव्हते, पेट्या सहा. नाझ्झारेनोकडे आठ होत्या, पलंगाखाली.

सभा संपल्यावर कार्लोनी पायऱ्यांवर त्याच्याशी काहीतरी पुटपुटत होता. मी शेजारीच स्वेटर शोधत होते.

“अध्यक्षसाहेब, त्या गिरणीतल्या मालाकडे एकदा बघायला हवं.”

“बघितलाय. छताला टेकलाय!”

“तसं नाही. त्याची किंमत...”

“दोन्ही बाजू जुळतायत की नाही?”

“जुळतायत.”

“मग झालं तर!” आणि नाझ्झारेनोने त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की एक चिमटा निसटला.

ही गोष्ट अशीच चालू राहिली असती, पण नाझ्झारेनोची पोरगी लोरेता प्रेमात पडली. पोरगा चांगला होता, फाउस्तो. बाप मात्र उल्देरिको पिएरपाओली. हा शेजारच्या गावातला धान्याचा व्यापारी. कुणाच्याही खळ्यावर जाऊन मूठभर गहू दाताखाली चावून भाव सांगणारा. रविवारी दुपारी सगळे नाझ्झारेनोकडे जेवायला जमले. आर्जियाने पास्त्याच्या थरांचं विंचिसग्रास्सी केलं होतं, कोंबडीच्या काळजाच्या रश्शाचं. उल्देरिकोने दोनदा वाढून घेतलं, तोंड पुसलं आणि म्हणाला, “बाई, असं मी वर्षात खाल्लं नव्हतं. आता नाझ्झारेनो, स्पष्ट बोलू या. पोरांचं एकमेकांवर प्रेम आहे, ते ठीक. तुझी परिस्थिती काय?”

लोरेता लाल झाली. “हा काय बैलबाजार आहे?”

“बैलाचे दात तरी बघता येतात,” उल्देरिको शांतपणे म्हणाला.

नाझ्झारेनोने छाती काढली. “पुढच्या रविवारी या. मी माझ्या घराचा ताळेबंद तुमच्यापुढे ठेवतो.”

असलं काही उल्देरिकोला कुणी म्हणालं नव्हतं. तो जरासा दबकला. नाझ्झारेनो आठवडाभर त्याच आनंदात होता. शनिवारी दुपारी त्याने जेवणाचं टेबल रिकामं केलं, मोठा कागद घेतला आणि मधोमध रेघ मारली. वाचन त्याने वर्षानुवर्षं केलं होतं. एक स्वतः लिहायचा, त्यात काय?

डावीकडे घर लिहिलं, पंधरा लाख. द्राक्षांचा तुकडा, सहा लाख. आठ पेट्या, चाळीस हजारांप्रमाणे, तीन लाख वीस हजार. मग लिहिलं: सोन्याची साखळी.

“कुणाची साखळी?” आर्जिया मागून वाकून बघत होती.

“आपली.”

“आपली नाही. माझ्या आईची, म्हणून माझी. खोड.”

“अगं, घरातलीच आहे ना?”

“शेजारणीची इस्त्री पण सध्या आपल्या घरात आहे. तीही लिही.”

त्याने साखळी खोडली. उजवीकडे देणं लिहिलं: बँकेचे पाच लाख, मेव्हण्याचे दोन लाख, वाण्याचे वीस हजार. बेरजा केल्या. डावीकडे चोवीस लाख वीस हजार. उजवीकडे सात लाख वीस हजार.

जुळेना.

त्याने पुन्हा बेरीज केली. मग घराची किंमत कमी करून बघितली, आणि स्वतःच्या बापाने बांधलेल्या घराचा अपमान झाल्यासारखं वाटून पुन्हा वाढवली. विसरलेलं देणं आठवायला लागला. न्हाव्याचे पैसे निघाले, पण ते फारच थोडे. “आर्जिया, मी कुणाचे सतरा लाख देणं लागतो का?” त्याने विचारलं. आर्जिया घाबरून खुर्चीत बसली. “नाझ्झारे! काय केलंस तू? जुगार?”

संध्याकाळी तो बस पकडून ओसिमोला गेला. हे पुढचं त्याने स्वतःच मला नंतर सांगितलं, आणि सांगताना त्याचा तो आवाज जरा खाली यायचा. कार्लोनी घरी सपाता घालून कांदे चिरत होता. नाझ्झारेनोने कागद पुढे केला. “सांगू नका कुणाला. माझ्या घराचा हिशेब जुळत नाही. सतरा लाखांचा फरक आहे.”

कार्लोनीने कागद बघितला. “जुळतो की.”

“कुठे जुळतो?”

“हे सतरा लाख तुमचे आहेत. जे आहे त्यातून लोकांचं देणं वजा केलं की जे उरतं ते तुमचं स्वतःचं. ते उजवीकडे लिहायचं. हे बघा.” आणि कांद्याच्या हातानेच त्याने लिहिलं: स्वतःचं भांडवल, सतरा लाख. “झालं. चोवीस लाख वीस, चोवीस लाख वीस.”

नाझ्झारेनो आधी आनंदला, आणि मग त्याने कागद पुन्हा वाचला. “म्हणजे फरक पडला की तो इथे लिहायचा?”

“हो.”

“आणि दुसऱ्या कुणाचा असेल तरी?”

“कुणाचाही.”

“दिवाळं निघालेल्या माणसाचा?”

“त्याचाही जुळतो. त्याचं स्वतःचं उणे येतं, एवढंच. अध्यक्षसाहेब, तो नेहमीच जुळतो. जुळवूनच लिहितात.”

नाझ्झारेनो म्हणायचा, तेव्हा त्याला पहिल्यांदा त्या सगळ्या टाळ्या आठवल्या. डाव्या-उजव्याच्या जुळण्यावर तो इतकी वर्षं नमस्कार घेत होता. म्हणजे सूर्य उगवल्याबद्दल हार घालून घेण्यासारखंच.

“मला आधी का नाही सांगितलंत?”

“सांगत होतो,” कार्लोनी म्हणाला. “पण तुम्ही पाठीवर थाप मारता.”

मग त्याने एक पेन्सिल घेतली आणि पेट्यांच्या आकड्याखाली टोक ठेवलं. “आता हे बघा. हा आकडा तुम्ही चुकीचा लिहिलात, समजा. जास्तीचा. तर तेवढंच तुमचं स्वतःचं भांडवलही फुगतं. लोकांचं देणं काही हलत नाही, ते खरंच असतं. खोटं पडतं ते फक्त तुमचं. आणि बेरीज तरीही जुळते.”

“चाळीस हजार लागले बनवायला.”

“लागले असतील. देणार कोण?”

नाझ्झारेनोने कागद घडी करून खिशात घातला. रविवारी उल्देरिको आला, चष्मा लावून कागद वाचला, घर बघितलं, द्राक्षांचा तुकडा त्याला माहीत होता. मग त्याचं बोट नेमकं त्याच ओळीवर येऊन थांबलं.

“ह्या आठ पेट्या कुठायत?”

“पलंगाखाली.”

“एक काढ. गुरुवारी जत्रा आहे. तिथे चाळीस हजाराला विकलीस तर हा कागद मला कबूल. नाही विकली गेली तर... बघू.”

गुरुवारी नाझ्झारेनो चौकात उभा राहिला, मोत्याच्या रंगाची पेटी गळ्यात घालून, चीजवाल्याच्या आणि दोरखंडवाल्याच्या मधे. त्याला वाजवता फारसं येत नव्हतं. भाता मात्र असा ताणायचा की बघत राहावं. त्याने त्या आवाजात पेटीचे गुण गायले. माणसं जमली. ऐकलं. मान डोलावली. कुणी विचारलं, “गिटार आहे का?” एका शेतकऱ्याने विचारलं, “बदल्यात वाइनची मोठी बाटली देऊ?” एक बाई म्हणाली, आमच्याकडेही तीन आहेत, तुमच्याच संस्थेच्या, तुम्ही घेता का? दुपारपर्यंत तो चाळीसवरून पंचवीसवर आला, पंचवीसवरून पंधरावर. उल्देरिको समोरच्या कॉफीच्या दुकानात बसून सगळं बघत होता. शेवटी फिरत्या पाळण्यांवाल्याने सात हजार लिरा आणि दोन कोंबड्या देऊन पेटी घेतली. कोंबड्यांतलीही एक लंगडी.

उल्देरिको रस्ता ओलांडून आला. “तर मग, व्याही?” त्याने पहिल्यांदाच व्याही म्हटलं.

नाझ्झारेनोने खिशातून कागद काढला, भिंतीला टेकवला आणि पेट्यांचा आकडा खोडून सात हजारांप्रमाणे लिहिला. मग स्वतःचं भांडवल तेवढंच कमी केलं. दोन्ही बाजू जुळल्या. तो हसलाही नाही.

“कोंबड्या?” उल्देरिकोने विचारलं.

“त्या आजच शिजतील,” नाझ्झारेनो म्हणाला.

लग्न ठरलं. उल्देरिको नंतर सगळ्यांना सांगायचा की त्याने आयुष्यात पुष्कळ माणसं स्वतःची किंमत वाढवून सांगताना ऐकली, पण भर चौकात पेन्सिलने कमी करणारा एकच बघितला. हे ऐकून नाझ्झारेनोला फार आनंद व्हायचा असं नाही.

खरी पंचाईत पुढेच होती. रेशमाच्या गिरणीत हजार पेट्या होत्या, म्हणजे कागदावर चार कोटी. नाझ्झारेनो कार्लोनीला घेऊन गिरणीत गेला. दोघांनी खोकी उघडली. काहींच्या भात्यांना उंदरांनी घरं केली होती, त्यात त्याने स्वतः केलेले भातेही होते. कार्लोनीने व्यापाऱ्यांना पत्रं टाकली, उत्तरं आली, आणि त्यावरून पेटीमागे दहा हजार धरणं बरं, असं ठरलं. चार कोटींचा एक कोटी.

“कायद्याला हे चालतं?” नाझ्झारेनोने विचारलं.

“कायद्याला हेच हवं असतं,” कार्लोनी म्हणाला. “सभासदांना चालतं का, ते तुम्ही बघा.”

त्या वसंतातली सभा मला अजून दिसते. नाझ्झारेनोने नवा सदरा घातला नव्हता. त्याने कागद हातात घेतला, आणि पहिल्यांदाच साध्या आवाजात वाचला, घरी पत्र वाचावं तसा. तयार माल, एक कोटी. एकूण, तीन कोटी बारा लाख. मग उजवी बाजू. बँकेचं आणि इतरांचं देणं, दोन कोटी नव्वद लाख. सभासदांचं उरलेलं, बावीस लाख. एकूण, तीन कोटी बारा लाख.

कुणी टाळी वाजवली नाही.

“गेल्या वर्षी सहा कोटी होते,” स्पार्ताको म्हणाला. “बाकीचे गेले कुठे?”

“कुठेच गेले नाहीत. ते नव्हतेच.”

“नव्हतेच? तूच तर वाचलेस!”

“वाचले. कळले नव्हते.”

खोलीत एकच कल्ला झाला. नाझ्झारेनोने हात वर केले. “ऐका! गिरणीतली पेटी चाळीस हजाराला कुणी घेत नाही. मी जत्रेत उभा राहून बघितलंय. आपलं स्वतःचं म्हणून बावीस लाख उरलेत. ते शिल्लक आहेत तोवर पेट्या मिळेल त्या भावाने विकू, बँकेचं फेडू, आणि दुसरं काहीतरी करायला लागू. अजून एक वर्ष असंच केलं तर तेही जातील.”

“तीन कोटी एका फटक्यात खाल्ले,” मागून कुणीतरी म्हणालं, “आणि पोरीचं लग्न व्यापाऱ्याच्या घरात!”

“आणि तरीही दोन्ही बाजू जुळल्या,” दुसरा ओरडला. “काय सफाई आहे बघा!”

हे ऐकल्यावर मात्र नाझ्झारेनो खाली बसला. कार्लोनी समजावायला उठला, पण त्याचं पहिल्या बाकालाही ऐकू गेलं नाही. मतदान झालं. आम्ही आठ जणांनी हात वर केले, बाकी सगळ्यांचे खाली. ताळेबंद नामंजूर, अध्यक्ष बडतर्फ. स्पार्ताको नवा अध्यक्ष झाला. त्याचा आवाज नाझ्झारेनोइतका खोल नव्हता, पण उंच होता, आणि गोड. त्याने एक दुसरा हिशेबनीस आणला, जो पेट्यांना पुन्हा चाळीस हजारांवर नेऊन बसवायला तयार होता. आकडा पुन्हा सहा कोटींवर गेला आणि माणसं रडली.

लोरेताच्या लग्नाला अर्धं गाव आलं नाही. आर्जियाने केलेलं विंचिसग्रास्सी इतकं उरलं की उल्देरिकोकडचे पाहुणे दुसऱ्या दिवशीही तेच खात होते. नाझ्झारेनो कपडे करून दाराशी उभा होता, ज्या बायकांच्या नवऱ्यांच्या मयतीला तो अर्धा-अर्धा तास बोलला होता त्या समोरच्या रस्त्याने मान वळवून गेल्या. रात्रीच्या जेवणाला त्याने भाषण केलं नाही. उल्देरिकोने आग्रह केला तेव्हा उभा राहिला, म्हणाला, “सुखी राहा,” आणि बसला. लोरेता म्हणते, बाबांचं तेच एक भाषण मला पाठ आहे.

‘एकजूट’ त्यानंतर दीड वर्ष चालली. बँकेने स्पार्ताकोच्या कागदावर आणखी कर्ज दिलं, आणखी पेट्या झाल्या, गिरणीच्या शेजारचं गोठ्याचं छप्परही भरलं. मग बँकेला कुठून तरी वास लागला. जप्ती आली, लिलाव झाला. नापोलीच्या एका व्यापाऱ्याने सगळा माल उचलला, पेटीमागे तीन हजार, आणि भाव करताना तो म्हणाला की बटणं आणि पत्रा काढून विकता येईल. नाझ्झारेनो लिलावाला आला होता. मागे उभा होता. पेटीमागे दहा हजार धरून लोकांच्या शिव्या खाल्लेल्या माणसाला वाटेल की तो खूश झाला असेल. पण तोही दहा म्हणत होता. सात हजारांनी चुकला होता की! हे तो प्रामाणिकपणे मला म्हणाला, आणि फार खजील होऊन.

तोवर त्याने स्वतःचा धंदा मांडायचा ठरवला होता. त्या वर्षांत सगळीकडे नवे फ्लॅट उठत होते, छोट्या खोल्या, दार उघडायला जागा नाही. अंकोनाच्या एका बांधकामवाल्याला घडीची दारं हवी होती, रेक्झिनची, ओढली की भात्यासारखी मिटणारी. नाझ्झारेनोला त्यात शिकण्यासारखं काही नव्हतंच. भाता उभा टांगायचा आणि हवा निसटली तरी चालेल, एवढाच फरक. जागा मिळाली, आम्ही आठजण मिळालो, रेक्झिनला पैसे हवे होते. तो त्याच बँकेत गेला. कार्लोनीने करून दिलेला ताळेबंद टेबलावर ठेवला. बेरीज बारीक होती, पण त्यातली प्रत्येक ओळ बाजारात नेऊन विकता आली असती.

बँकेच्या साहेबाने कागद उलटसुलट करून बघितला. हा तोच, ज्याने आमच्या सहा कोटींपुढे मान डोलावली होती.

“बाल्दोनीसाहेब, फारच लहान आकडा आहे हा.”

“आहे तेवढाच आहे.”

“ते खरं. पण वरच्यांना दाखवायला... थोडा मोठा नाही करता येणार?”

“येईल ना,” नाझ्झारेनो म्हणाला. “किती हवाय तेवढा सांगा.”

साहेबाला चेष्टा कळली नाही, किंवा कळली असेल. कर्ज मिळालं नाही. घरी आल्यावर आर्जियाने गळ्यातली साखळी काढून टेबलावर ठेवली. “उसनी,” ती म्हणाली. “कागदावर लिहून दे. उजवीकडे.” त्याने लिहून दिलं. तिने ते घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि पहिल्या वर्षाच्या शेवटी व्याजासकट वसूल केलं.

दारं चालली. फार नाही, पण चालली. जुन्या संस्थेतली माणसं एकेक करून कामाला विचारायला येऊ लागली. कुणी मतदानाचा विषय काढत नसे, नाझ्झारेनोही काढत नसे. फक्त हात बघायचा, आणि हात चांगले असले तर ठेवायचा. सगळ्यात शेवटी स्पार्ताको आला. टोपी हातात, दाढी वाढलेली, लिलावात त्याचं घरही गेलं होतं कारण बँकेच्या कागदावर जामीन म्हणून त्याची सही होती. आम्ही बायकांनी हातातली कामं थांबवली.

“सुतारकाम आहे का?” स्पार्ताको म्हणाला.

“दारांच्या वरच्या रुळांचं आहे. सकाळी सातला ये.”

स्पार्ताको हलेना. “नाझ्झारे, एक विचारू? मी इतका तयारीने वाचला होता. पै न् पै जुळत होती. मग कुठे चुकलं?”

नाझ्झारेनोने हातातली कात्री खाली ठेवली, त्याला बाकावर बसवलं, एक कागद ओढला आणि मधोमध रेघ मारली. “तुझ्या घरातलं काय काय आहे ते सांग,” तो म्हणाला. “आणि सावकाश सांग. घाई केलीस की वाढवून सांगशील.”